हृदय फिरतंय

प्रिय एसेन,

बुरमा एजेच्या हाती हे पत्र देतेय. कुरणावरची नर्स असली तरी ती भिडस्त बाई, म्हणून बजावलंय, तुझं वाचून होईपर्यंत उठायचं नाही, घोडीच्या दुधाचा कितीही कुमिस पाजला तरी. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला तू दोन्ही वेळा असाच पाजून रिकामी गाडी परत पाठवलीस. वर निरोप काय, तर नारिनच्या दवाखान्यातल्या त्या बाईपुढे, म्हणजे माझ्यापुढे, सदरा काढणार नाहीस! अरे, पन्नाशी उलटली, आता कसली लाज? पण मला कळतं, लाज नाहीये ती.

आधी माझी चूक सांगते. गेल्या महिन्यात एजेचा फोन आला, एसेनचं हृदय फिरतंय म्हणाली. आपल्याकडे मळमळलं तरी हृदयच फिरतं ना! मी विचारलं, काय खाल्लं होतं? चरबीचं मटण, म्हणाली. मग पोटाची पूड द्या, असं सांगून मी मोकळी झाले. तेवीस वर्षं हृदयाची डॉक्टर आहे मी, आणि ‘हृदय’ ऐकून पोटाचं औषध दिलं! दरदरून घाम सुटला होता का, एवढंही विचारलं नाही. तुझं नाव कानावर पडलं आणि डोकं ठिकाणावर राहिलं नाही, हे खरं कारण. चार दिवसांनी एजेने ईसीजीचा फोटो पाठवला. तो झटका होता, एसेन. हृदयाच्या खालच्या भागाला इजा झालीय. गोळ्यांवर भागणार नाही. इथे नीट तपासून बिश्केकला नेऊन रक्तवाहिनी उघडायला हवी, नाहीतर दुसरा झटका तुला सोडायचा नाही. तुझी बायको एजेपुढे रडली म्हणे. तिच्याकडे तरी बघ.

तो फोटो मी कितीदा पाहिला म्हणून सांगू! शिकायला निघाले तेव्हा दोन वर्षांत येते म्हणाले होते, नऊ लावली. परत आले तर तुझी लेक घोड्यावर बसायला शिकत होती. तुझ्या आईने मला चहाची वाटी काठोकाठ भरून दिली. ऊठ आता, असाच त्याचा अर्थ. मी ती प्याले आणि उठले. तू बाहेर खोगिराचा पट्टा आवळत बसलास, मान वर केली नाहीस. अजून बाजारात कुणी तुझ्यासारखं खाकरलं तरी मी वळून बघते. आठवण येते रे, फार येते.

तुला एकदा डोळे भरून बघावं म्हणून जीव तळमळतो, आणि तरीही लिहितेय ते हे सांगायला, की सोमवारपासून मी पंधरा दिवस रजा टाकलीय. कोचकोरला बहिणीकडे जातेय. तुला डॉक्टर मेदेर तपासेल, बिश्केकलाही तोच सोबत येईल. माझ्याच हाताखाली शिकलाय, पण माझ्यापेक्षा शांत आहे. दवाखान्यात मी तुला कुठेही दिसणार नाही, शपथ. आता तरी गाडीत बस.

न भेटताही तुझीच,
कनिशाय