घंटागाडीवरचा माझा आवाज

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की करोना म्हणजे काय, हे आता मी तुम्हाला समजावायचं. साथ होती, घराघरांत शिरलेली. आणि माझ्या इथे कसबा पेठेत रोज सकाळी घंटागाडी कचरा न्यायला यायची ती भोंग्यावर धमकी घेऊन. "ताप लपवाल तर कारवाई होईल!" झालं, लोकांनी ताप लपवला. समोर तांब्याची भांडी घडवणारं कुटुंब. नवरा आत खोकतोय, गल्लीला ऐकू येतंय, आणि बायको खिडकी लावून घेते. मी खालून हाक मारली तर फटीतून म्हणाली, "ताई, घेऊन जातील म्हणतात. कुठे, ते नाही म्हणत."

मी तशीच तणतणत आरोग्य खात्याच्या कचेरीत. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही सभा गाजवता. द्या की एक दणदणीत लिहून." दिलंच असतं हो! रणांगण, शत्रू, शपथ, सगळं कागदावर उतरलं होतं. तेवढ्यात तुमचं स्वयंपाकघर आठवलं. शाळेत स्वच्छतेवर बोलून मी वक्तृत्वाची ढाल जिंकलीय, धापा टाकत तुम्हाला दाखवायला आलेय, आणि तुम्ही मेथी निवडताय. मान वर न करता विचारता, "टाळ्या पडल्या?" "खूप, बाई." "बरं. ते ऐकून माणसाने उद्या सकाळी उठून काय करायचं?" तुम्ही अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवता. "सुचेपर्यंत ही निवड."

मी कागद उलटा केला. लिहिलं: ताप आला तर कोपऱ्यावरच्या शाळेत या. तपासणीला पैसे लागत नाहीत. ठेवून घेतलं तर रोज घरी फोन करता येईल, घरच्यांना डबा येईल. खात्रीचं औषध अजून सापडलेलं नाही, सापडलं की याच गाडीवरून सांगू. डब्याची सोय खरी आहे ना, हे साहेबांकडून दोनदा वदवून घेतलं. ते अडले शेवटच्या वाक्यावर. "औषध नाही, असं आपणच कसं सांगायचं?" "अहो, लोकांना ते ठाऊक आहे. तुम्ही लपवता, म्हणून तेही लपवतात." साहेबांनी पेन काढून जुन्या घोषणेतली 'कारवाई' स्वतःच खोडली.

आवाज माझाच घेतला. न चढवता बोलायचं होतं, ते मला किती जड गेलं असेल हे तुम्हालाच कळेल. गाडी दोन-तीन सकाळी फिरली आणि समोरची खिडकी उघडली. "ताई, गाडीवर तुम्हीच ना? डबा येणार म्हणालात, तो नक्की?" "नक्की." त्या दुपारी नवरा स्वतःच्या पायांनी जिना उतरला. हे लिहितानाही त्याची हातोडी ऐकू येतेय, आणि माझी मान ताठ होते. व्यासपीठं पुष्कळ गाजवली, बाई, पण माझं सगळ्यांत मोठं भाषण कचऱ्याच्या गाडीवर झालं. एक टाळी पडली नाही.

हे टाकायचं कुठे? कोथरूडच्या तुमच्या घराच्या जागी आता टॉवर आहे. राहू दे खणात. फक्त एक सांगते. ते ढालीचं भाषण मला अजून पाठ आहे, अधूनमधून आरशासमोर म्हणतेही. चांगलंच होतं ते, बाई.