खुरसाजवळच्या दोन खोल्या

४ एप्रिल
बँकेत गेले. साहेब पोरसवदा, पण उठून खुर्ची दिली. अंगणात दोन खोल्या बांधून भाड्याने द्यायच्यात, म्हटलं. भाड्यावर कर्ज मिळतं म्हणे, पण आधी भाडेकरू हवा, नोंदलेला करार हवा. अहो, खोलीच नाही तर भाडेकरू काय माडावर ठेवू? पतपेढीत दोन जामीनदार, व्याज जास्त. सोनं आईच्या आजारपणात गेलं. राहिलं घर-जागा तारण ठेवणं. त्याला कमावता सहकर्जदार लागतो. विनाअनुदानित शाळेत तीस वर्षं शिकवलं, पेन्शन शून्य. भाडं आलं तरच या घरात राहणं निभेल.

५ एप्रिल
पास्कूला म्हापशाला फोन. धाकटा भाऊ, बोलतो बापासारखा. "एकटी कित्याक रवतंस गो? घर वीक आनी हंय ये." भांडलो. शेवटी म्हणाला, सहकर्जदार होतो, पण मे अखेर जमलं नाही तर विकायचं. हो म्हटलं. त्याच्या घरी मी पाहुणी. चार दिवस बरं. पाचव्या दिवशी दुसरा चहा मागायची लाज वाटते.

९ एप्रिल
आरोग्य केंद्रातल्या दोघी नर्स जागा बघून गेल्या. रोज ओरोसहून बसने येतात, दमतात बिचाऱ्या. बांधा, आम्हीच येतो म्हणाल्या. फार बरं वाटलं. पायरीवर बसून नकाशा काढला, खिडकी खुरसाच्या, म्हणजे फाटकाजवळच्या क्रुसाच्या बाजूला.

१७ एप्रिल
बँकेचा मूल्यांकनवाला आला. टेपने सगळं मोजलं. फाटकाच्या आतल्या खुरसापाशी थांबला. हा कुणाचा? मी मोठ्या तोऱ्यात, "सगळ्या वाड्याचा, दहाही घरांचा!" आजोबांपासून आम्ही हेच सांगतो. त्याने लिहून घेतलं.

२७ एप्रिल
बँकेच्या वकिलाने अडवलं. जागेत लोकांची वहिवाट, तारण चालणार नाही. वाड्यातल्या सगळ्या घरांनी लिहून द्यायचं, खुरसावर आणि जागेवर आमचा हक्क नाही, पुढेही सांगणार नाही. खाली माझी सही, की खुरीस खाजगी माझा. साहेब म्हणतो, "टीचर, नुसती फॉर्मॅलिटी."
देवा सायबा, ही माझी जीभ! कुणी सांगितलं होतं तोरा मिरवायला?

३ मे
कट्ट्याच्या बाजारात जाऊन कागद टाइप करून आणला. नऊ घरं, नऊ जागा, दहावी माझी. पर्समधून बाहेर काढवत नाही. पास्कूचा फोन, "जालां?" त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. मेला!

११ मे
खुरसाकडे लदीन, वाड्याची वर्षाची प्रार्थना. यंदाचा मान शेवंतीकाकींचा. हिंदू, पण मुलगा तापातून उठला तेव्हापासून मानाच्या यादीत त्यांचं घर आहे. दर शुक्रवारी मेणबत्ती लावतात. खुरसाला चुना त्यांनीच लावला, चणे त्यांनीच उकडले.
प्रार्थना संपली, चणे वाटून झाले, मग कागद काढला. कुणी वाचलासुद्धा नाही. "टीचरचा काम आसा, करा रे सयो." आठ सह्या झटक्यात. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती.
काकींनी चष्मा लावून सगळा वाचला. सही केली. मग हळूच, "टीचर, म्हणजे फुडच्या वर्सा तुका इचारून येवक व्हया?"
"छे गो काकी, काय बोलतंस!" म्हटलं. पण कागदात तेच आहे. पैसे देऊन मीच टाइप करून घेतलंय.

१२ मे
झोप नाही. खुरीस कुठे हलणार नाही, कुणाला मी अडवणार नाही. मग सही करायला काय जातं? पण मी गेल्यावर? पास्कूची मुलं? बँक?

२९ मे
शुक्रवार. उद्या सकाळच्या बसने पास्कू येतोय, इथूनच बँकेत जायचं. आज दोनदा पेन हातात घेतलं. दहावी जागा अजून कोरी.
संध्याकाळी काकी आल्या. फाटक सताड उघडं, तरी बाहेर उभ्या. हातात मेणबत्ती.
"टीचर, येव काय?"
चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं.