रोस्विताच्या उजवीकडची जागा

२७ ऑक्टोबर, बुधवार

आज दफनभूमीत जे पाहिलं ते ज्याला सांगावं असं माणूस मला उरलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. दुसरं काही कारण नाही. शाळेत गणित शिकवत होते तेव्हा रोजनिशी लिहिणाऱ्या मुलींना मी हसायचे.

इथे आल्टनब्रुनमध्ये माझी धाकटी बहीण रोस्विता पुरलेली आहे. इथल्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची ती. कबरीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. मुदत संपली की नातेवाइकांनी ती वाढवून घ्यायची, नाहीतर दगड उचलतात, माती सपाट करतात आणि जागा पुढच्याला देतात. ती गेली तेव्हा मी मुद्दाम दोघींची जागा घेतली होती. डावीकडे ती, उजवीकडे मी. मला नवरा नाही, मुलं नाहीत. तिच्याशेजारी जायचं एवढं मात्र ठरलेलं. आज मुदत वाढवायला म्हणून आले. कार्यालयातला माणूस रजेवर! दोन तारखेला येईल म्हणे. बरं, राहते.

तर पाहिलं ते हे — कबरीवर हीदरची जांभळी झुडपं. ताजी. माती विंचरल्यासारखी सारखी केलेली. दगडावर शेवाळाचा ठिपका नाही. मी वर्षातून एकदा येते, मे महिन्यात, तिच्या वाढदिवसाला. या गावात आमचं कोणीही नाही.

मग कोण?

२८ ऑक्टोबर, गुरुवार

मी उतरले आहे त्या छोट्या अतिथिगृहाच्या मालकीणबाई बुर्गा. तोंडाला कुलूप नाही. सकाळी कॉफी ओतता ओतता विचारलं, माझ्या बहिणीच्या कबरीवर झाडं कोण लावतं?

कॉफी बशीत सांडली. "झाडं? उगवली असतील."

"हीदर रांगेत उगवत नाही."

"तुम्ही उत्तरेकडची माणसं म्हणजे! जेवतासुद्धा गणित सोडवल्यासारखं. खा की आधी!"

पुढे एक शब्द नाही. एरवी शेजारणीच्या सुनेच्या पायमोज्यांबद्दलही बोलते.

गाव पर्यटकांनी भरलं आहे. लाकडी चौकटींची घरं, खिडक्यांत अजून टिकून असलेली लाल फुलं, तटाबाहेर पिवळे पडलेले द्राक्षमळे — जो तो फोन वर धरून चालतो. मी तटावरून एक फेरी मारली. एका जोडप्यानं त्यांचा फोटो काढायला सांगितलं. काढला. "तुमचाही काढू का?" बाईनं विचारलं. कुणाला दाखवायला? नको म्हटलं.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

धुकं. दिवसभरात 'सुप्रभात' आणि 'पुरे, धन्यवाद' — एवढंच बोलले.

३० ऑक्टोबर, शनिवार

सापडला!

सकाळीच जाऊन बाकावर बसले होते. हिरवी टोपी, वाकलेली पाठ, हातात स्वतःची झारी. नळावर भरली, सरळ रोस्विताकडे गेला. मी मागे जाऊन उभी राहिले.

"ही माझ्या बहिणीची कबर आहे."

झारी न हिंदकळता खाली ठेवली. टोपी काढली. "माहीत आहे, बाई. दर मे महिन्यात तुम्हाला बघतो. तुम्ही आलात की मी भिंतीपलीकडे जातो."

नाव किलिआन ड्योर्फलर. वाइनची पिंपं बनवायचा. ऑर्गनपाशी रोस्विताची पानं उलटायला जायचा.

"स्वरलिपी वाचता येते?"

"एक खूण कळत नाही! ती हनुवटी खाली करायची, मी पान उलटायचो. कधी कधी उगाच हनुवटी खाली करायची. मी घाबरून पान उलटायचो, मग हसू दाबत पुढचं पाठ वाजवायची. खाली लोक गुडघे टेकून, आणि वर आमचं हे."

रोस्विता असली चेष्टा करायची? माझ्यासमोर कधी केली नाही.

मी विचारलं, लग्न का नाही केलंत? म्हणाला, "विचारलं होतं. ती म्हणाली, द्राक्षं उतरू देत, मग सगळ्यांना सांगू. ताईला आधी. द्राक्षं उतरायच्या आत गेली."

"याला पुरावा?" — माझ्या तोंडून निघालंच.

तो हसला. दात थोडे आहेत. "पुरावा कसला, बाई! मी कुठे काय मागतोय? फक्त मुदत वाढवा. सोडू नका तिला."

"वाढवणार आहे. शेजारची जागा माझी आहे."

टोपी हातात फिरवत राहिला. "हो," म्हणाला. "तुमचीच ती."

झारी उचलली आणि उरलेलं पाणी उजवीकडच्या रिकाम्या अर्ध्या भागालाही घातलं. तिथेही हीदर आहे. माझ्यावर!

संध्याकाळी बुर्गाला गाठलं. आता मात्र बांध फुटला.

"मग? सापडला ना? आम्ही सगळे ओळखून आहोत हो. पण तो बोलत नाही, मग आम्ही कशाला बोलायचं? त्याच्या आईबापाची कबर केव्हाच सपाट झाली. तो गेला की मागच्या कुरणात पुरतील, तिथे दगडही लावत नाहीत. आणि परवाचा दिवस तुम्ही कधी बघितलाय? सर्व संतांचा? सगळं गाव आपापल्या कबरीपाशी उभं राहतं. फादर पाणी शिंपडत फिरतात. किलिआन कुठे उभा राहतो सांगू? नळापाशी! झाऱ्या टांगलेल्या असतात ना, त्यांच्या रांगेत."

"तिच्यापाशी का नाही?"

"कोण म्हणून उभा राहील? त्या दिवशी जो जिथे उभा राहतो, तो तिथला. नुसतं उभं राहणं म्हणजे चारचौघांत सांगणं. आणि तुमच्या बहिणीपाशी कोणीच नसतं. फादरसुद्धा थांबत नाहीत, चालता चालता दोन थेंब." मग टेबल पुसता पुसता — "तुम्ही मे महिन्यात येता. मे महिन्यात काय, सगळीच येतात. फुलं असतात."

वर येऊन दार लावलं.

३१ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर राग. कशाचा, ते नीट मांडता येत नाही.

ताईला आधी सांगू, असं ती म्हणाली. म्हणे. मृताच्या नावावर काहीही खपवता येतं. पण ते उगाच हनुवटी खाली करणं कोणी रचून सांगणार नाही. पिंपं बनवणारा तर नाहीच.

चर्चला गेले. ऑर्गनवर कोणी तरुण बाई. मी वर बघत राहिले. पान स्वतःच उलटते, एक हात सोडून, झपकन.

जागा माझी आहे. मी कुणाची हिसकावलेली नाही. म्हातारपणी रात्री छातीत धडधडलं की मी एकच विचार करते — जायचं कुठे ते ठरलेलं आहे, रोस्विताकडे. दुसरं कोण आहे मला? त्याला मागायचं असतं तर त्यानं मागावं! मी नाही म्हटलं असतं. तो मागतच नाही, हीच पंचाईत आहे.

बुर्गानं कांद्याचा केक आणि नव्या, अजून फसफसणाऱ्या वाइनचा पेला न सांगता वर आणून ठेवला. "खा. गणित उद्या करा." केक चांगला होता.

१ नोव्हेंबर, सोमवार

तीन वाजता घंटा झाली. ऊन होतं, पण हात गार. काळे कोट, मेणबत्त्या, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत प्रत्येक घर आपापल्या दगडापाशी. मी रोस्विताच्या पायाशी एकटी. लोक बघत होते, बघत नाही असं दाखवत.

तो खरंच नळापाशी होता! पांढरा शर्ट, गळ्याशी टाय, मागे झाऱ्यांची रांग. फादर पहिल्या ओळीत शिरले.

मी हाक मारली. शाळा सुटून इतकी वर्षं झाली, पण तो आवाज अजून आहे. मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"किलिआन! तिथे काय करताय? इकडे या!"

सगळ्या दफनभूमीच्या माना वळल्या. त्यानं नकारार्थी डोकं हलवलं. हातानं नको, नको म्हणून खूण केली.

"दुसऱ्यांदा बोलवायला लावू नका!"

बुर्गा आपल्या नवऱ्याच्या कबरीपाशी उभी होती. पाठीमागून ओरडली, "अरे जा की रे मेल्या! बाई शाळेतल्या आहेत, उठाबशा काढायला लावतील!" कोणीतरी हसलं. मग बरेच जण.

आला. खडीवरून इतका हळू की फादर तिसऱ्या ओळीत थांबून राहिले. मी सरकले. तो तिच्या डोक्याशी, दगडाला लागून उभा राहिला. कुठे उभं राहायचं ते मी दाखवलं नाही, त्याला ठाऊक होतं.

फादर थांबले. पूर्ण प्रार्थना म्हटली. पाणी त्याच्या टकलावर पडलं, ओघळून कॉलरमध्ये गेलं. त्यानं पुसलं नाही.

"रोस्विता," एवढंच म्हणाला. मोठ्यानं. माझ्या बहिणीचं नाव दुसऱ्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

परतताना मला म्हणाला, "उपकार झाले, बाई. आता कुरणात निवांत पडेन."

 

२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी कार्यालय उघडलं. तिथे तिसऱ्याला जागा होते का, ते आधी विचारलं. होत नाही.

मग मुदत वाढवली आणि माझा हक्क सोपवला तो असा — रोस्विताची कबर, आणि तिच्या उजवीकडची जागा. घेणारे किलिआन ड्योर्फलर, राहणार आल्टनब्रुन. नातं विचारलं तेव्हा मी सांगितलं: मेहुणे.