पोकळ्याच्या जुडीसाठी जामनेर

जळगाव, चैत्र वद्य चतुर्थी

ती. नाना यांच्या चरणी धाकट्या यशोदेचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींची साखर उतरली का, आणि कानाचं नवीन यंत्र कानात घालता की अजून कपाटातच जपून ठेवलंय, ते सविस्तर कळवावं. फोनवर मी बोलते आणि तुम्ही 'हो हो, बरं बरं' म्हणता, त्यातलं तुम्हाला काही ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र. इकडे सर्व क्षेम आहे. प्रेमराजचं काम उत्तम चाललंय, सूनबाई भाविका स्वभावाने गोड आहे, आणि घर एवढं मोठं आहे की चष्मा वरच्या मजल्यावर राहिला तर मी तो दिवस चष्म्याशिवाय काढते.

हे गेल्यावर दिवाळीनंतर प्रेमराज मला धुळ्याहून इकडे घेऊन आला, त्याला आता पाच महिने झाले. कॉलनी हायवेच्या पलीकडे आहे. रस्ते रुंद, गुळगुळीत, आणि त्यांवर माणूस औषधालाही सापडत नाही. (माणसं आहेत, पण ती गाडीत असतात आणि गाडीच्या काचा वर असतात.) भाजीचं दुकान आमच्या गच्चीवरून स्पष्ट दिसतं. भाजीवाला कोबीवर पाणी मारतो तेसुद्धा दिसतं. पण मध्ये हायवे, त्याच्या मधोमध छातीएवढी भिंत, आणि पलीकडे जायची वाट दीड किलोमीटरवरच्या पुलाखालून. म्हणजे समोरच्या दुकानात जाऊन यायला सहा किलोमीटर. धुळ्याला आपल्या पाच नंबरच्या गल्लीत जिना उतरला की डाव्या हाताला मांगीलालशेठचं किराणा दुकान, पुढे गिरणी, त्यापुढे तेलाचा घाणा, आणि बोलत बोलत गेलं तरी पाच कंदिलाचा भाजीबाजार. कढीपत्ता आणायला मला दोन तास लागायचे आणि हे जेवायचे खोळंबायचे, पण ते अंतरामुळे नव्हे. वाटेत लाडकुंवरभाभी भेटायची, गिरणीवाल्याची सून माहेरहून आलेली असायची, कुणाचं तरी काहीतरी विचारायचं राहिलेलं असायचं.

इथे महिन्यातून एकदा रविवारी सगळे गाडीतून किराणा भरायला जातो. नाना, तिथे तूरडाळ लवकर शिजेल का, हे विचारायला कुणी नाही. हळद पिशवीत बंद. आता हळदीचा वास घेतल्याशिवाय ती घ्यायची कशी? मी नखाने जरासं टोचलं (जरासंच), तर अर्धा किलो हळद प्रेमराजच्या पांढऱ्या शर्टावर. बाजूच्या बाईने लग्न कधीचं म्हणून विचारलं. पोरगा हूं की चूं करत नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटतं. डॉक्टर म्हणाले, आजींना चालायला हवं, तर लगेच त्याने घरात चालण्याचं यंत्र आणलं. त्यावर रोज चालते. त्यातल्या आकड्यांची मी वहीत बेरीज ठेवली आहे. त्या हिशेबाने मी परवा धुळ्याच्या वाटेवर एरंडोल सोडून पारोळ्याला पोचले, आणि उतरले तर समोर तोच सोफा.

आता मूळ हकिगत. गेल्या मंगळवारी मला पोकळ्याची भाजी खावीशी वाटली. भाविका म्हणाली, फोनवर मागवते. पण फोनमध्ये पालक होता, पोकळा नव्हता. ती कामाला गेल्यावर मी पिशवी काखेत घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. पूल लांब, म्हणून म्हटलं कुठे फट मिळते का बघू. मिळाली नाही. अर्धा तास हायवेच्या कडेला उभी होते, तोच एक क्रूझर जीप थांबली. आत सगळ्या बाया. एकीने माझा हात धरून आतच ओढलं. "बस वं माय, उशीर हुई गया." मला वाटलं, देव पावला, बाजाराची जीप आहे. सगळ्या पदर ओढून गप्प बसलेल्या. मला वाटलं शहराची रीत असेल.

नेरी मागे पडलं तेव्हा मी हळूच शेजारणीला विचारलं, बाजार अजून किती लांब? तिने माझ्याकडे डोळे भरून पाहिलं आणि पाठीवरून हात फिरवला. "धीर धर वं माय, बठ्ठं बराबर हुई." सगळं ठीक होईल म्हणे. नाना, त्या बाया जामनेरला दारावर रडायला चालल्या होत्या. कुणी म्हातारी गेली होती, आणि ड्रायव्हरला सांगितलेलं होतं की हायवेवर एक नातलग बाई उभी असेल, तिला घ्या. (ती खरी बाई कुठे राहिली असेल या विचाराने मला अजून झोप नीट येत नाही.) मी खरं सांगणार, तोवर जीप अंगणात, आणि आमच्या बायकांनी उतरता उतरताच गळा काढलेला. मला पुढे ढकललं. गेलेलीची मुलगी रूपा माझ्या गळ्यात पडली. अशा वेळी मी पोकळा घ्यायला निघाले होते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आधी मी रीत म्हणून रडले. मग काय झालं कळलं नाही. ते आवरेना. हे गेले तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते, कारण तेव्हा लोकांना चहा करायचा होता. दुसऱ्या बाया डोळे पुसून बसल्या तरी माझं चालूच. लोक आपसांत विचारू लागले, ही कोण, फार जवळची दिसते. रूपाने पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही आईला कुठे भेटायच्या? माझ्या तोंडून निघून गेलं, बाजारात. ती म्हणाली, हो ना, आई रोज बाजारात जायची, घरात ठरायचीच नाही, गेले वर्षभर मात्र तिला कुणी जाऊ दिलं नाही. मग आम्ही दोघी पुन्हा रडलो, आणि या वेळचं माझं रडणं त्या म्हातारीसाठी होतं.

त्यांनी मला जेवू घातलं आणि संध्याकाळी कॉलनीच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. फाटकावर प्रेमराज, भाविका आणि अर्धी कॉलनी. प्रेमराजचा चेहरा पांढराफटक. रागावला नाही, हात धरून आत नेलं आणि म्हणाला, आई, तुला हवं ते सांग, पण चालत जाऊ नकोस. तेव्हापासून फाटकावरचा माणूस मला पाहिलं की उठून उभा राहतो. हा मान नाही, पहारा आहे. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
यशोदा

ता. क. गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांची किल्ली तुमच्याकडे आहे. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली की प्रेमराज तिथे भाडेकरू ठेवणार आहे. मी हो म्हटलंय. तुम्ही किल्ली देऊ नका.

ता. क. २. लग्न झाल्यावर पहिली सहा वर्षं तुम्ही आखाजीला मुराळी म्हणून मला न्यायला यायचात. नंतर आला नाहीत, मीही कधी म्हटलं नाही. या आखाजीला या. अडुसष्ट वर्षांच्या बाईला न्यायला मुराळी आला म्हणून लोक हसतील, हसू देत. दारात भाऊ उभा राहिला तर प्रेमराजला नाही म्हणता येणार नाही. परत कधी पाठवणार असं त्याने विचारलं, तर नाना, तुम्हाला नाहीतरी ऐकू येत नाही.

ता. क. ३. पोस्टाची पेटीही चालत जाण्यासारखी नाही, म्हणून पाकीट भाविकाकडे दिलं होतं. घरात डिंक नव्हता, पाकीट उघडंच होतं. तिने वाचलं. तासाभराने ते परत घेऊन आली, माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, आई, आखाजीला किती साड्या भरू?

मी म्हटलं, बठ्ठ्या.