विकलेल्या जहाजाचं खालचं दार

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा औषध घेतात का, की अजून तोंड फिरवतात?

आमची युद्धनौका आता या परदेशी लोकांच्या नौदलाची झाली. नवा रंग, नवं नाव, नवा झेंडा; गंज तेवढा आपला. यांना इंजिन शिकवून झालं की मी सुटलो. माणसं भली आहेत, फक्त घाई फार.

पंपाच्या खोलीचं दार तेच आहे. त्या आगीच्या वेळी दादा आत असतानाच ते बाहेरून लावलं गेलं, आणि तो आतच राहिला. तेव्हापासून आम्ही ते लावण्याआधी "आत कोणी आहे का?" असं ओरडतो आणि थांबतो. यांनाही तेच शिकवलं. आधी हसले, मग आपल्या मराठीतलेच ते शब्द घोकून पाठ केले.

काल त्यांच्या एका खलाशाने दार ओढताना तसंच विचारलं. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, तरी माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

त्याने दार पुन्हा उघडलं. आम्ही दोघं आत बघत राहिलो.

वहिनीला एवढंच सांग, जहाज चांगल्या हातात पडलंय.

तुझा धाकटा