भिंगरीची नोंद

सौ. ताईस,
धाकट्याचा वाकून आणि थोडा दबकत नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? साडेतीन वर्षांनी पत्र लिहितोय आणि एकदम गुडघ्यांवर आलो, तेव्हा तू म्हणशील, याला काहीतरी हवंय. तसं नाही. (तसंच आहे, पण आधी काय घडलं ते ऐक.) इकडे सगळे ठीक. मला जेवण जात नाही, तेवढं सोडलं तर.

तुला ठाऊकच आहे, मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जन्माच्या खिडकीवर बसतो. (शेजारी मृत्यूची खिडकी. तिथला कारकून माझ्यापेक्षा निवांत, कारण ज्याची नोंद करायची तो त्याच्यासमोर रडत नाही.) गेल्या महिन्यात वरून पत्र आलं. कुठल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी किती जणांच्या जन्माची नोंद आहे, याचा म्हणे तक्ता होणार, आणि त्यात आपण कुठे बसतो ते ठरवायला निवडक गल्ल्यांत घरोघर जाऊन विचारायचं. साहेब म्हणाले, तुमचीच गल्ली निघालीय, तुम्हीच मोजणीबाईंना फिरवून आणा. मी म्हटलं, आमच्या गल्लीत लहान मुलं फारशी नाहीत. साहेब म्हणाले, मग लवकर आटपेल.

मोजणीबाई म्हणजे या कामासाठी पाठवलेल्या, कधीही न हसणाऱ्या एक बाई. मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. पहिलं घर इस्त्रीवाल्याचं. त्याला जुळी मुलं. दाखला मागितल्यावर त्याने मोठ्या अभिमानाने एक कागद आणला. दुसऱ्याचा कुठाय, तर म्हणे दोघं एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात झाली, दोन कागद कशाला? मी त्याला दारातच उभं करून चांगलं झापलं. पुढचं घर बसकंडक्टरचं. त्याच्या बायकोने लसीचं कार्ड दाखवलं आणि हाच दाखला म्हणून ठासून सांगितलं. तिलाही मी ऐकवलं, की नोंद नाही ते मूल ना शाळेला दिसतं, ना दवाखान्याला. उद्या हरवलं तर शोधायचं कोणाला? हे बोलताना माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता.

सातवं घर आपलं. मी म्हटलं, हे वगळू या, नोंदणीच्या कारकुनाकडे काय विचारायचं. बाई म्हणाल्या, "यादीत आहे," आणि त्यांनी बेल वाजवली. दार तुझ्या भावजयीने उघडलं. तिच्या मागून भिंगरी आली, एकाच पायात बूट घालून. (तुझी भाची. तिला अजून नाव नाही, घरभर गरगर फिरते म्हणून भिंगरी.) हिच्या जन्माची नोंद झाली आहे का, असं बाईंनी विचारलं. मी खोकलो. बायको माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "नाही. यांनाच विचारा, त्या खिडकीवर हेच बसतात."

बाईंनी ‘नाही’च्या रकान्यात खूण केली आणि विचारलं, "कारण?" कारणासाठी दोन बोटांचा रकाना होता. माझं कारण त्यात मावणारं नव्हतं. मागे वळलो तर इस्त्रीवाला उभा. दुसऱ्या मुलाचा अर्ज कुठे मिळतो ते विचारायला आला होता. माझ्याकडे एकदा बघून अर्जाचं न विचारताच परत गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारण तुला माहीत आहे. आम्ही तुझ्याकडे जेवायला आलो होतो, आणि पोरीने तीन आठवडे आधीच यायचं ठरवलं. तुझ्या शिवणखोलीत, तुझ्या हातावर ती जन्मली. भाऊजींनी धावत जाऊन जो डॉक्टर आणला तो निघाला दातांचा. (त्याने बाळाला तपासून, दात नाहीत, एवढं निदान केलं.) म्हणजे दवाखान्याचा कागद नाही. ज्या घरात जन्म झाला त्या घरच्या माणसाची सही हवी, म्हणजे तुझी. आणि बाराव्या दिवशी तू सुचवलेल्या नावावरून तुझं आणि माझ्या सासूबाईंचं बिनसलं, तू महिनाभरात हे शहरच सोडलंस. सही मागायला कुठल्या तोंडाने येणार? नाव न लिहिताही नोंद होते, हे मी रोज वीस जणांना सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र आज करू, उद्या करू म्हणत वर्ष उलटलं, आणि मग साधा अर्ज चालेना.

परवा बाजारात ती दोन मिनिटं दिसेनाशी झाली. पोलिसाने नाव विचारलं. मी म्हटलं, भिंगरी. तो म्हणाला, कागदावरचं सांगा. ताई, कागदच नाही, तर कागदावरचं काय सांगू? ती पलीकडे नळाखाली पाय धूत बसलेली सापडली. पण तेव्हापासून घास उतरत नाही.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : उशिराच्या नोंदीला जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागतं. दातांचा डॉक्टर परदेशी गेला. उरलीस तू. चोवीस तारखेला सकाळी अकराला दंडाधिकाऱ्यांसमोर यायचंय, तीस तारखेला शाळेचे प्रवेश बंद होतात. नावाचा रकाना मी कोरा ठेवलाय, तो तू भर. तू म्हणशील ते.

ता. क. दुसरा : एक सांगायचं राहिलं. तू सुचवलेलं नाव सासूबाईंना नापसंत आहे असं मी तुला सांगितलं होतं. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. मलाच ते आवडलं नव्हतं आणि तुला तोंडावर सांगायची छाती झाली नाही. तू फोनवर त्यांना जे काही बोललीस, ते कशाबद्दल होतं हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. चोवीस तारखेला त्याही माझ्याबरोबर स्टेशनवर तुला घ्यायला येणार आहेत, हेच विचारायला. तू त्यांना खरं ते सांगितलंस तरी माझी हरकत नाही. फक्त आधी सही कर.