कुडपणची म्हैस आणि गिअरची लिव्हर

३ डिसेंबर, मंगळवार

कुडपणच्या चढावर मोटारसायकलची गिअर लिव्हर गेली. तुटली नाही. पायाने दाबली की नुसती गोल फिरायला लागली. गाडी तिसऱ्यात अडकलेली, दुसरा पडेना. त्या चढावर तिसरा काय कामाचा? दोनदा धडधडली आणि बंद पडली. कडेला दगड लावून उभी केली. औषधांची बॅग आणि दोर खांद्यावर टाकून चालायला लागलो.

हैबतीकाकांची म्हैस विताना अडली होती. त्यासाठीच निघालो होतो. पोचलो तेव्हा सव्वादहा. म्हैस अर्ध्या तासापूर्वी गेली होती. हात घालून पाहिलं — रेडकाचे पाय पुढे, मान मागे वळलेली. तेही गेलेलं. मान सरळ करणं हे माझंच काम. अठरा वर्षं करतोय.

हैबतीकाका म्हणाले, "गाडीच मोडली तर डाक्टर तरी काय करील?" ठकूकाकींनी कोरा चहा आणून दिला. मी प्यायलो.

घरी येऊन आंघोळ केली. काही वाटत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

गाडी अजून चढावरच आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

गणू गॅरेजवाला टेम्पो घेऊन वर गेला आणि गाडी पोलादपूरला घेऊन आला. लिव्हर हाताने ओढली तर सरळ बाहेर आली. "दाते गेले, सायेब. लिव्हर ज्या दांड्यावर बसते ना, त्याचेपण. वेल्डिंग मारून देतो, पन मग जन्मात निघायची नाय."

मी म्हणालो, मार. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "नको सायेब. उद्या इंजिन खोलायची वेळ आली तर शिव्या मलाच. महाडला शोरूमला न्या."

बरं म्हणालो. तो काहीही म्हणाला असता तरी बरं म्हणालो असतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

गणूच्याच टेम्पोतून गाडी महाडला नेली. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये अंकिता म्हणून मेकॅनिक आहे, आयटीआय केलेली. ऑक्टोबरमध्ये सर्व्हिसिंग तिनेच केलं होतं. टॉर्च लावून पाहिलं. "नुसती लिव्हर बदलून नाही चालणार, सर. ती ज्यावर बसते तो शाफ्टच बदलावा लागेल. इंजिनाची बाजू उघडायची. शाफ्ट पुण्याहून मागवायचा, आठ-दहा दिवस धरा."

मग जुनं जॉबकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. तिचंच अक्षर. "गिअर लिव्हर सैल, दाते झिजले आहेत. ग्राहक पुढच्या वेळी करू म्हणाले." खाली माझी सही.

"तेव्हा मी दोनदा सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. रागाने नाही.

"हो," म्हणालो. आठवत मात्र नव्हतं. सही बघून खरं वाटलं.

एसटीने परत. खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय काय दिसलं ते सांगता येणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

सईचा फोन. पनवेलला गेल्याला पाच महिने झाले. भांडण झालं नव्हतं. ती म्हणाली होती, "निषाद, या घरात मी एकटीच राहते." आणि बॅग भरली. आज विचारलं, "जेवतोस ना?" हो म्हणालो. "वकिलांनी घटस्फोटाचे कागद पाठवलेत, मिळाले का?" हो म्हणालो. मग तिने फोन ठेवला.

दिवसभर पलंगावर.

१० डिसेंबर, मंगळवार

म्हशीची गोष्ट सगळीकडे गेली आहे. एसटीत कंडक्टर, दवाखान्यात शिपाई, चहाच्या टपरीवरही तेच — "ऐन वेळी गिअर गेला म्हणे. नशीब!" मी मान हलवतो. आज एक जण म्हणाला, शोरूमवाल्यांवर केस टाका. त्यालाही मान हलवली.

सोपं आहे. लिव्हरला तोंड नसतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

ही वही दुसरं कुणी वाचत नाही. तरी दहा दिवस हिच्याशीसुद्धा खोटं बोललो.

त्या दिवशी पहिला फोन सहा वाजून दहा मिनिटांनी आला होता. मी जागा होतो. साडेचारपासून जागा होतो. फोन उशाशीच. स्क्रीनवर 'हैबती कुडपण' असं स्पष्ट दिसत होतं. या महिन्यात म्हैस विणार हे मला ठाऊक होतं, मीच तारीख सांगितली होती. म्हणजे फोन कशाचा हेही ठाऊक होतं.

वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी बघत राहिलो. हात उचलायचा एवढंच करायचं होतं. तो माझाच हात आहे असं वाटत नव्हतं. वाईट वाटलं म्हणावं तर तेही नाही. छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

सात वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. का उचलला तेही माहीत नाही. दवाखान्याच्या नोंदवहीत 'निरोप मिळाला : ७.०५' असं लिहिलं.

पहिल्याच फोनला निघालो असतो तरी लिव्हर त्याच चढावर गेली असती. तितकंच चाललो असतो. पण सव्वानवाला पोचलो असतो. म्हैस तेव्हा उभी होती — काकाच म्हणाले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कामावर गेलो नाही. कळवलंही नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

गाडी मिळाली. अंकिताने जुना शाफ्ट कागदात गुंडाळून ठेवला होता, दाखवायला. टोक बोटाने चाचपलं. दाते असायला हवेत तिथे गुळगुळीत, चोखलेल्या गोळीसारखं. "हे एका दिवसात होत नाही, सर. आधीपासून सांगत असते गाडी. गिअर घसरतो, परत दाबावा लागतो. जाणवलं नाही तुम्हाला?"

नाही, म्हणालो. हे मात्र खरं होतं.

चवदार तळ्याला एक चक्कर मारून गाडी पाहिली. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. पाय टेकला की खट्कन पडतो. उन्हात लोक पायऱ्यांवर बसले होते. थोडा वेळ मीही बसलो.

दवाखान्यात येऊन नोंदवही काढली. ७.०५ खोडलं, ६.१० लिहिलं, शेजारी सही केली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी केलं म्हणायचं.

१७ डिसेंबर, मंगळवार

कुडपणला जायला निघालो आणि पायथ्याहून परत आलो. गाडी छान चालते आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

गेलो. हैबतीकाका रानात होते. ठकूकाकी गोठ्यात शेण काढत होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं — सहाचा फोन मी ऐकला होता. उचलला नाही.

त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय. फोन मीच लावलेला. वाजत व्हता, कट नव्हता होत. यांना सांगितलं, रेंज नाय."

मग पाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ आल्या.

"तुमाला काय होतंय, डाक्टर?"

मी तिथेच दावणीपाशी खाली बसलो आणि सांगायला लागलो. काका रानातून जेवायला आले तरी सांगतच होतो.